भैरू गुरवाची उलटी मोटार

खिरोलीच्या घाटात बैलांच्या घुंगरांखेरीज दुसरा आवाज नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी महादेवाचं देऊळ आहे, तिथं भैरू गुरव पुजारी होता. माणूस साधा, पण हट्टी. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून गाभाऱ्यातून उलट्या पावलांनी बाहेर यायचा, आणि उंबऱ्याला कधी ठेचकाळला नाही, असं म्हणतात.

आमच्या राजेसाहेबांनी तेव्हा थेट अमेरिकेहून बोटीनं मोटार मागवली. मुंबईहून ड्रायव्हर आला. त्यानं एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा घाटाकडे पाहिलं आणि दुपारच्या टांग्यानं परत गेला. मोटारीची पूजा मात्र ठरलेली होती. भैरूनं दिव्यांना कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुढचा दांडा कशाला असतो ते बघावं म्हणून फिरवला. मोटार अशी भडकली, की राजेसाहेबांसकट सगळे ओट्यावर चढले. भैरू तेवढा जागचा हलला नाही.

राजेसाहेब ओट्यावरूनच म्हणाले, "तुझ्या हातनं ती बोलली. आता तूच सांभाळ."

मग काय विचारता! भैरूनं टपालाच्या टांग्याला हरवलं. संस्थानच्या घोड्याला हरवलं, तर घोड्यानं दोन दिवस चंदीला तोंड लावलं नाही. एकदा मुहूर्त टळल्यावर एका नवरदेवाला घेऊन निघाला आणि मुहूर्ताच्या आधी मांडवात पोचला, असं म्हणतात. मला हे त्या नवरदेवाच्या नातवानं सांगितलं. तो शाळामास्तर आहे, उगाच कशाला खोटं बोलेल?

हे सगळं घाटमाथ्यावरच्या जहागीरदारांना खुपलं. त्यांनी अमेरिकेतला एक शर्यतवालाच बोलावून घेतला, त्याच्या तांबड्या मोटारीसकट. हॉपकिन साहेब त्याचं नाव. त्याच्या मुलखात शर्यतीचा रस्ता गोल असतो आणि सगळे नुसते डावीकडे वळत राहतात. तिथं त्याला कुणी हरवलं नव्हतं.

जहागीरदारांनी पैज लावली. त्यांची गाडी घाट आधी चढली, तर खिरोलीचा गुरुवारचा बाजार उचलून माथ्यावर न्यायचा. हरले, तर पुन्हा बाजाराचं नाव काढायचं नाही. राजेसाहेब बोलण्याच्या भरात हो म्हणून बसले.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बाजारावर निम्म्या गावाची चूल पेटायची. गोदा कासारीण देवळात आली आणि म्हणाली, "भैरू, ह्या वयात बांगड्यांची पाटी घेऊन मी घाट चढू व्हय? तू हरलास तर माझ्या दारावरनं जाऊ नगंस."

 त्या रात्री भैरूला जेवण गेलं नाही.

शर्यत ठरली महाशिवरात्रीला, जत्रेच्या गर्दीत. सकाळी राजेसाहेबांनी विचारलं, "टाकी भरलीस ना?"

"न्हाई सरकार. आज शिवरात्र."

"मग?"

"मला उपास, तिलाबी उपास. कालचं अर्धं हाय की पोटात."

राजेसाहेबांनी कपाळावर हात मारला, तेवढ्यात बार उडाला. दोन्ही मोटारी सुटल्या. घाटाला वळणं सतरा. डावीकडच्या वळणावर हॉपकिन साहेब वाऱ्यासारखा जायचा. उजवीकडचं वळण आलं की थांबायचा, मागे यायचा, पुन्हा वळवायचा. म्हणून आठव्या वळणापर्यंत भैरू पुढे होता. तिथं चढ उभा झाला आणि त्याची मोटार खोकून बंद पडली. तांबडी मोटार धूळ उडवत पुढे गेली.

भैरू खाली उतरला. टाकी उघडून पाहिली, तर पेट्रोल होतं. पण टाकी सीटखाली आणि इंजिन पुढे, म्हणजे चढावर इंजिन वर आणि अर्धं पेट्रोल खाली! त्याला देवळातलं अभिषेकपात्र आठवलं. ते पिंडीच्या वर टांगतात, म्हणून थेंब पिंडीवर पडतात. पिंडी वर आणि पात्र खाली, असं कुठं असतं का?

जत्रेच्या माणसांनी हात लावला. मोटारीचं तोंड खाली केलं, पाठ वर केली. भैरूनं दांडा फिरवला, मागचा गिअर टाकला आणि मोटार उलटी घाट चढायला लागली. मान इतकी वळवावी लागली, की पुढे तीन महिने ती सरळ झाली नाही, असं म्हणतात. सतरावं वळण उजवीकडचं. हॉपकिन साहेब तिथं मागे-पुढे करत होता. त्याच्या शेजारून भैरू उलटा गेला आणि माथ्यावर आडवी बांधलेली दोरी तुटली.

जहागीरदार ओरडले, "चालणार नाही! मोटारीचं तोंड आधी यायला हवं. हे तर शेपूट आलं!"

भैरू हात जोडून म्हणाला, "महादेव खाली बसलाय, जी. त्याला पाठ करून मी कवा गाभाऱ्याबाहेर आलो न्हाई. गाडी तरी कशी यील?"

  बाजार जातोय की राहतोय, कुणाला कळेना. तेवढ्यात तांबडी मोटार आली. हॉपकिन साहेब उतरला. तो काय बोलला ते कुणाला समजलं नाही. पण त्यानं टोपी काढली, जहागीरदारांनी सकाळी माथ्यावर घातलेला हार गळ्यातून उतरवला आणि भैरूच्या मोटारीच्या मागच्या बाजूला नीट बांधला. मग भैरूला मिठी मारली. जहागीरदार मुकाट पालखीत बसले. खाली पायथ्याशी गोदा कासारणीला ही बातमी कळली, तेव्हा ती रस्त्यातच बसून रडली आणि पुढे येईल त्या बाईला फुकट बांगड्या भरत सुटली.

अजूनही खिरोलीत नवी गाडी आली, मग ट्रॅक्टर असो की रिक्षा, तर देवळापासून पहिल्या वळणापर्यंत ती उलटीच चढवतात. मागच्या बाजूला हार बांधतात आणि भैरू गुरवाच्या नावानं नारळ फोडतात. गुरुवारचा बाजारही खालीच भरतो. माथ्यावरची माणसं जीप भरभरून येतात, कांदे-बटाटे घेतात आणि परत जाताना पहिलं वळण उलटंच चढतात. आम्ही त्यांना हसत नाही. म्हणजे, जीप वळणाआड जाईपर्यंत तरी नाही.