नदीची पाठवणी

केळी नदी वरवाडीच्या डोंगरात जन्मायची आणि खालच्या सांजवाडीतून वाहायची. वरवाडीचे रंभाजीराव देशमुख तिला आपली लेक मानत आणि दर चैत्रात थाटानं तिची ओटी भरत. त्या वर्षी त्यांनी नदीला बांध घातला नि सांजवाडीच्या विहिरी आटल्या. तिथल्या गौराक्काला तर स्वप्नातही पाण्याची खळखळ ऐकू येई.

ओटीच्या दिवशी ती बांधावर गेली. "देशमुख, प्यायलाही पाणी नाही. सोडा थोडं."

देशमुखांनी मिशीला पीळ दिला. "लेक आमची. ठेवली माहेरी चार दिवस, तर तुमचं काय गेलं?"

गौराक्का हसली. "म्हणजे तुम्ही आमचे व्याही! मग गेल्या श्रावणात ती फणफणत आली, आमच्या भिंती पाडल्या, गोठे वाहून नेले, तेव्हा नाही तिला माहेरी ठेवलीत? व्याहीबुवा, लेकीला सासरी नुसतं भांडायलाच धाडता? नांदायला कधी धाडणार?"

ओटीला आलेल्या बायका पदराआड हसल्या. देशमुखीणबाईच म्हणाल्या, "अहो, मुलीच्या बापानं इतकं ताणू नये." देशमुखांनी बांधाची फळी उचलली.

संध्याकाळी गौराक्कानं कोरड्या पात्रात तांदळाचं माप ठेवलं. नदी सावकाश, जराशी बिचकतच आली आणि तिनं ते माप अलगद लवंडलं.