हिंदुरावाचा पांढरा डाग

ओढ्याकाठच्या एका गावात, गुऱ्हाळावर राबणारा एक भोळा गडी होता. नाव हिंदुराव. नाव भारदस्त होतं, पण डोक्याचं आणि नावाचं कधी जमलं नाही. कुणी काही सांगितलं की तो शब्दन् शब्द पाळायचा. कुठं पाळायचं, एवढंच त्याला कळत नसे.

गुऱ्हाळावर येता-जाता बोटानं काकवी चाटायची त्याला सवय. त्यामुळं पुढच्या दातावर, हिरडीजवळ, खडूसारखा पांढरा डाग पडला. त्याची आई आक्काताई घाबरली. शेजारच्या गावच्या दत्ताजीरावांच्या शालनचं स्थळ आलं होतं. याआधीची सगळी स्थळं हिंदुरावानं तोंड उघडल्यावर परत गेली होती. आता निदान उघडलेलं तोंड तरी नीट दिसावं, म्हणून तिनं त्याला शाळेतल्या दातांच्या शिबिराला धाडलं.

डॉक्टरीणबाईंनी दात बघितला. म्हणाल्या, "ही किडीची सुरुवात आहे. गोड खाल्लं की तोंडात आम्ल तयार होतं. ते दाताच्या कवचातला कठीणपणा चोरून नेतं. वरून गुळगुळीत, पण आत पोकळ व्हायला लागतं."

"मग उपटायचा?"

"छे. अजून भोक पडलेलं नाही. भोक पडायच्या आधी रोज पेस्ट लावली तर डाग भरून येतो. टोकरायचं मात्र नाही. आणि गोड खाल्लं की लगेच चूळ भरायची."

मग त्यांनी दाताला औषध लावलं आणि म्हणाल्या, "आता अर्धा तास तोंड मिटून ठेव."

हिंदुराव तोंड मिटून घरी आला. आईनं विचारलं, "काय म्हनली डॉक्टरीन?" हा गप्प. आईनं रडायला सुरुवात केली. गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं जीभ कापली, कुणी म्हणालं वाचा गेली. अर्धा तास भरल्यावर हिंदुराव म्हणाला, "अजून भोक पडल्यालं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शामरावांकडं म्हैस बघायला गिऱ्हाईक आलं. म्हशीच्या कपाळावर पांढरा चांद होता. गिऱ्हाईक खुशीत होतं. हिंदुरावानं चांद निरखून बघितला.

"किडीची सुरुवात हाय," तो म्हणाला.

"कुठं?" गिऱ्हाईक दचकलं.

"कपाळात. वरनं गुळगुळीत लागतंय, पर आत पोकळ हाय."

गिऱ्हाईक निघून गेलं. शामराव काठी घेऊन आले. आक्काताईनं मध्ये पडून लेकाला वाचवलं आणि समज दिली, "आरं, डाग दिसला म्हनून असं बोंबलत सुटतात व्हय? गुमान पेस्ट लावावी आन् गप बसावं."

हे हिंदुरावाला पटलं. शिबिरात मिळालेली पेस्टची नळी त्यानं खिशात ठेवली.

चार दिवसांनी गुऱ्हाळावर त्याला गुळाच्या ढेपांवर पांढरे डाग दिसले. तो बोंबलला नाही. गुमान नळी काढली आणि एकेक ढेप प्रेमानं चोळली. संध्याकाळी मालक बंडूनानांनी व्यापाऱ्याला गुळाचा खडा दिला. व्यापाऱ्यानं तो तोंडात घातला, चघळला आणि गालावर हात ठेवला. मग म्हणाला, "नाना, तोंड लई गार पडलं."

बंडूनानांनी हिंदुरावाला समोर उभं केलं. "आरं शान्या, पेस्ट मानसाला लावायची का गुळाला?"

"मानसाला," हिंदुराव म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ते खरंच ध्यानात ठेवलं.

मुलगा बघून, जमलं तर लगेच सुपारी फोडायचा दिवस आला. आक्काताई लेकाला घेऊन दत्ताजीरावांच्या घरी गेली. वाटेत एकच विनवणी केली, "बोलू नगस, बाबा." हिंदुराव बोलला नाही. पोहे झाले, चहा झाला. हा गप्प बसून हसत होता. दत्ताजीरावांना मुलगा मोठा शांत वाटला. शालन दाराआडून बघत होती, तिलाही तो आवडला. सुपारी फुटली. आक्काताईच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्ताजीरावांनी पेढ्याचा डबा उघडला आणि जावयाचं तोंड गोड केलं.

गोड तोंडात पडलं, तसा हिंदुराव उठला. तांब्या घेतला, उंबऱ्यात गेला आणि खळखळून चूळ भरली. मग तांब्या घेऊन आत आला आणि दत्ताजीरावांपुढं धरला.

"मामा, तुमी बी थुका. न्हाईतर कवच जातंय."

ठरल्या लग्नाचा पेढा कुणी अंगणात थुंकलेला त्या गावानं बघितला नव्हता. शालनची आत्या म्हणाली, "आमचं गोड थुकून टाकलं की वं ह्यानं." दत्ताजीराव उठून उभे राहिले. "झालं. मोडली सोयरीक," ते म्हणाले, आणि रागानं त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

हिंदुरावानं तो पांढरा रंग बघितला. सुरुवातच होती. भोक पडलेलं नव्हतं. तो बोंबलला नाही. समोर माणूसच आहे, ढेप नाही, याचीही खात्री केली. मग खिशातली नळी काढून त्यानं मामांच्या कपाळाला, गालांना आणि मिशीला गुमान पेस्ट चोळली.

आत्या पदरानं पुसायला धावली. हिंदुरावानं तिला थांबवलं. "टोकरू नगा. भरून येतंय." मग मामांना म्हणाला, "आता अर्धा तास तोंड मिटून ऱ्हावा."

मिशीतून पेस्ट ओठांवर उतरली होती. तोंड उघडलं तर आत जाणार. त्यामुळं दत्ताजीराव खरंच तोंड मिटून बसले. आक्काताई खाली मान घालून बसली. दाराआड शालननं तोंडात पदर कोंबला होता, तरी तिचं हसू बाहेर ऐकू येत होतं.

शेवटी दत्ताजीरावांना राग आवरेना. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी शिवी द्यायला त्यांनी मोठ्ठा आ केला.

हिंदुराव वाकला. आत डोकावला. त्याचा चेहरा गंभीर झाला.

"मामा, तुमच्या दाढंला तर भोकच पडलंय. आता पेस्टनं भागत न्हाई. उपटायलाच पायजे." आणि त्यानं घरभर नजर फिरवली. "पक्कड कुठं हाय?"

आतून शालनचा आवाज आला, "माळ्यावरच्या पेटीत हाय. थांबा, काढून देते."