मठाचं टपाल

"मग टपाल आहे कुठं?" अप्पांनी विचारलं.

मल्लिनाथानं पडद्यावरची नजर हलवली नाही. "अप्पा, अपडेट फसलंय."

"ते तू काल सांगितलंस. टपाल कुठं आहे?"

अप्पा म्हणजे आमच्या मठाचे स्वामी. सोलापूरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचा मठ. मल्लिनाथ हा त्यांचा लाडका शिष्य, पुण्याच्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. मठाचा ई-मेल त्याच्या ताब्यात होता. गावात ज्यांच्याकडं साधा फोन, त्यांची लांब गेलेली पोरं मठाच्याच पत्त्यावर लिहायची. मल्लिनाथ प्रत्येक मेल मठाच्या नावाच्या कागदावर छापायचा, आणि संध्याकाळच्या पूजेनंतर ओसरीवर उभा राहून एकेकाचं नाव पुकारायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचा. नाव पुकारताना छाती अशी फुगायची, की मेल जणू यानंच लिहिलाय.

आता त्यानं मेलचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीचा उद्धार सुरू केला. न विचारता नवी आवृत्ती घातली मेल्यांनी. ती अर्ध्यावर अडकली. जुनी निघून गेली, नवी बसली नाही. प्रोग्रॅम उघडला की मधोमध एक गोल फिरत बसतो, तो बसतोच. सगळा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, जोडलेल्या भानगडी एकेक करून बंद केल्या, जुन्या मेलची फाइल दुरुस्तीला लावली. मदतीच्या नंबरावर फोन केला तर तिथलं यंत्र सांगतं, तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि गाणं लावून देतं.

राग खोटा नव्हता. मीही दोन शिव्या घातल्या असत्या त्या कंपनीला. पण ओसरीवर निलव्वा बसली होती.

परवा टीव्हीवर दाखवलं, एक मालवाहू जहाज भर समुद्रात जळतंय. निलव्वाचा एकुलता एक पोरगा, इरण्णा, असल्याच एका जहाजावर खलाशी. जहाजाचं नाव तिला धड सांगता येईना. नोकरी लावणाऱ्या एजंटाचा फोन बंद. पोरगं लिहिणार ते मठाच्याच पत्त्यावर... जिवंत असलं तर.

तेव्हापासून बाई खांबाला टेकून होती. पोटात अन्न नाही. दार किलकिलं झालं की विचारायची, आलं का काही? आणि आमचे हे विद्वान आतूनच सांगायचे, काम चालू आहे मावशी, मध्ये मध्ये बोलू नका.

"टपाल सर्व्हरवर असतं, अप्पा," मल्लिनाथ आता समजावण्याच्या सुरात म्हणाला. "म्हणजे लांबच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर. तिथून आपल्याकडं येतं."

"म्हणजे तिथं आलेलं असेल."

"असेल."

"तिथलं तिथं बघता येत नाही?"

"येतं. मोबाइलवरसुद्धा येतं."

"मग?"

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे, त्यानं प्रोग्रॅममध्ये एक नियम बसवलाय. न वाचलेला मेल असेल तोच छापायला जातो. मोबाइलवर उघडला, की त्यावर वाचल्याची खूण होते. मग प्रोग्रॅम सुरू झाला तरी तो मेल छापला जाणार नाही, आणि इतकी वर्षं नीट लावलेला क्रम बिघडेल. म्हणून त्यानं परवापासून मोबाइलवर मुद्दाम बघितलंच नव्हतं! मुद्दाम!

अप्पांच्या कपाळावरची शीर वर आली होती. ती मी आजवर एकदाच पाहिली होती, कुणीतरी पंगतीतून एकाला उठवलं तेव्हा.

"चल बाहेर," ते म्हणाले. "हे तिला सांग."

"अप्पा, तिला यातलं काय कळणार?"

"सांग."

मल्लिनाथ ओसरीवर आला. निलव्वा खांब धरून उठायला लागली. अप्पांनी तिला हातानंच बस म्हणून खुणावलं, आणि तिच्या शेजारी स्वतः जमिनीवर बसले.

"मावशी," मल्लिनाथ म्हणाला, "टपाल आलं असेल. पण मी ते मोबाइलवर वाचलं, तर ते... वाचलेलं होईल."

निलव्वा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "मग वाच की रे बाबा."

"वाचलेलं झालं की ते छापलं जात नाही."

"मला कुठं वाचता येतंय? कागद घेऊन काय करू?"

मल्लिनाथ अप्पांकडं वळला. अप्पा जमिनीकडं बघत होते.

मल्लिनाथानं खिशातून मोबाइल काढला. पासवर्ड दोनदा चुकला. मग पडदा उजळला, आणि तो वाचायला लागला. नेहमीचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

पहिला मेल परवा संध्याकाळचा. "आई, टीव्हीवर दाखवतायत ते जहाज आमचं नाही. मी बरा आहे. घाबरू नको, जेवून घे."

दुसरा कालचा. "आई, मिळालं का? मठातून दर वेळी उत्तर येतं."

तिसरा आज सकाळचा. "आई, तू बरी आहेस ना? आईला काही झालंय का? कुणीतरी लिहा हो."

निलव्वानं पदर तोंडावर दाबून धरला. मग म्हणाली, पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं. बाई रडत होती आणि त्यातच हसत होती, आणि मला म्हणाली, बघा की, येडं माझीच काळजी करत बसलंय. मी तांब्याभर पाणी आणून दिलं ते तिनं घटाघटा प्यायलं.

मला मात्र हसू येईना. परवा संध्याकाळपासून ते पोरगं सांगत होतं, मी बरा आहे. आणि त्याची आई खांबाला टेकून त्याला मेलेला धरून बसली होती, आमच्या मठात, आमच्या ओसरीवर.

मल्लिनाथाचा चेहरा पार उतरला होता. तो अप्पांसमोर गुडघ्यांवर बसला. कॉम्प्युटरला पुन्हा हात लावणार नाही म्हणाला, आपण या जागेला लायक नाही म्हणाला, आणखीही बरंच काही आपल्याविषयीच बोलत राहिला. मग त्यानं डोकं अप्पांच्या पायांवर टेकलं.

"मला शिक्षा द्या, अप्पा. मी आजपासून मौन धरतो."

अप्पांनी पाय मागं घेतले.

"परवापासून धरलंच होतंस की," ते म्हणाले. "आता तिच्या पोराला उत्तर लिही."