शिंकरी भिवरा

वारा बोलायचा नि माणसांना ते कळायचं, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. म्हातारी माणसं मात्र तेव्हाही कुणाचं ऐकत नव्हती.

पवनेरी नावाचं गाव होतं. भोवती नुसता माळ आणि माळावर कमरेएवढं गवत. त्या गावात नदीकाठची भिवरा सून म्हणून आली. पहिल्याच आश्विनात गवत फुलोऱ्यावर आलं, तशी तिच्या डोळ्यांना धार लागली, नाक वाहू लागलं आणि शिंका सुरू झाल्या. एक झाली की तिच्या मागं दुसरी.

दसऱ्याला माळजाईची पालखी गावाची शीव ओलांडायची. पालखी शिवेच्या दगडापाशी आली आणि भिवरा शिंकली. निघताना शिंक आली की मागं फिरायचं, हा रिवाज. पालखी मागं फिरली. पुढच्या दसऱ्याला तेच. त्याच्या पुढच्याही.

पालखीचा मान तिच्या सासऱ्याचा, हैबतीचा. तो पारावर बसून चिमटीनं तपकीर ओढायचा आणि झाडावरचे कावळे उडतील एवढा शिंकायचा. ती शिंक कुणी धरत नसे.

"तपकिरीची शिंक मानाची," तो म्हणायचा. "हिच्या नाकात अवदसा बसलीय."

पारावरचे माना डोलवायचे. त्या मानांचा दुसरा उपयोगही नव्हता.

ठरलं, की दर आश्विनात भिवरानं गावाबाहेर खोपीत राहायचं. आणि खोप कुठं बांधली या शहाण्यांनी? ऐन फुललेल्या गवतात. नवरा बैलांना वैरण टाकत राहिला.

खोपीत भिवराचा जीव घुसमटायचा. पण असं म्हणतात, की वाऱ्यानंच तिला शिकवलं. पदर ओला करून नाकावर घे. गार पाण्यानं डोळे धू. निजण्याआधी केस धू. अंथरूण उघड्यावर वाळवू नकोस. पहाटे गवतातून परागांचा सोनेरी धूर उठायचा, तिच्याभोवती फिरायचा, वासरासारखा अंगाला घासायचा.

"माझ्यावर राग का रे, बाबा?" तिनं धुराला विचारलं.

"राग कसला? मी फुलतो, एवढंच," तो म्हणाला. असं म्हणतात.

मग एका भादव्यात तिची लहानगी लेक सगुणी शिंकली.

"आईचं पोरीत उतरलं," हैबती म्हणाला. "आश्विन लागला की दोघींची रवानगी खोपीत. मग कायमच्या तिथंच."

"मामंजी, पोरीचा दम केवढासा! मरंल ती."

"रिवाज हाय. आमी केलाय का त्यो?"

"मग मोडायला कुणाला विचारू?"

तपकिरीची डबी उघडल्याचा आवाज तेवढा आला.

दसऱ्याच्या पहाटे भिवरा माळात गेली आणि तिनं पदर पसरला. सोनेरी धूर गवतागवतातून निघाला, गाई गोठ्यात याव्यात तसा पदरात येऊन बसला. शिवेच्या दगडापाशी तिनं स्वतःच्या आणि सगुणीच्या नाकाला ओलं फडकं बांधलं. पालखी आली.

"घ्या, मामंजी," ती म्हणाली. "बिनतपकिरीची."

आणि तिनं पदर झटकला.

हैबती शिंकला. भोई शिंकले, वाजंत्री शिंकले, पारावरचे झाडून सगळे शिंकले, बैलसुद्धा शिंकले. असं म्हणतात, की त्या शिंकांच्या वाऱ्यानं पालखी खांद्यांवरून उचलली गेली, पिसासारखी तरंगली आणि अलगद शिवेपलीकडं उतरली. देवी पलीकडं, मानकरी अलीकडं! आता मागं फिरणार कसे? तेवढ्यात सगुणी दगड ओलांडून पळत सुटली. तिच्या मागं भिवरा. आणि त्यांच्या मागं, शिंकत शिंकत, सगळा गाव.

माफी कुणी मागितली नाही. म्हातारे मागत नसतात. खोप तेवढी गुपचूप मोडली. भिवरा गावातच म्हातारी झाली, दर आश्विनात शिंकत राहिली. शेवटी एका पहाटे सोनेरी धुरासोबत माळात गेली, ती परत आली नाही, असं म्हणतात.

पवनेरीत आजही गवत फुललं की दारोदारी पाण्याचा हंडा ठेवतात. काठावर फडकं असतं. त्याला भिवराचा पदर म्हणतात. दसऱ्याला शिवेच्या दगडापाशी पालखी थांबते आणि सगळे वाट बघतात. कुणीतरी शिंकतं. बहुधा एखादं पोर. मग गाव एका आवाजात म्हणतो, "चला पुढं!"

आणि पहिलं पाऊल शिंकणाऱ्याचं असतं.