उलट्या जिभेची हौसा

एकदा काय झालं, एका नदीकाठच्या गावात हौसा नावाची नवी सून आली. नवरा भिवा होडी चालवायचा. घरात तो, ती आणि सासू. तिघंच.

हौसा बोलायला फार गोड. पण तिचं पोटात एक आणि ओठांत एक असायचं. नदीवर तिला हिरव्या लुगड्यातली एक बाई भेटली. हौसा म्हणाली, "या हो उद्या जेवायला." मनात काही नव्हतं, आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाई खरंच दारात आली. मग हौसानं काय करावं? आतून कडी लावून गप्प बसली.

ती बाई साधीसुधी नव्हती, बरं का. डोहातली आसरा होती ती, पाण्याची देवता. बाहेरूनच शांतपणे म्हणाली, "पोटात एक, ओठांत एक. हेच आवडतं ना तुला? मग असंच होऊ दे."

आणि हौसाची जीभ उलटी झाली. आत 'हो' असलं की बाहेर 'नाही'. आत हसू असलं की बाहेर रुसवा. मुद्दाम फिरवून बोलायला जावं, तरी पोटातल्याच्या उलटंच निघायचं.

मग काय झालं? नणंद माहेरपणाला आली. हौसाला इतका आनंद झाला! पण तोंडातून निघालं, "कशाला आलात? जा." नणंद डोळे पुसत दारातूनच माघारी गेली. मग सासूनं आवडीनं खीर केली. खीर झाली होती छान, पण हौसा म्हणाली, "कडू आहे." सासूनं पातेलं उचललं आणि गाईपुढे नेऊन ठेवलं. मग एका संध्याकाळी भिवानं हळूच विचारलं, "तुला इथं करमतं ना गं?" करमत होतं तिला, फार करमत होतं. पण ती म्हणाली, "मुळीच नाही." भिवा उठून होडीकडे निघून गेला.

सासूनं ठरवून टाकलं, की येत्या बाजाराच्या दिवशी हिला माहेरी पोचवायची. हौसाला ते कळलं. तिनं मग बोलणंच सोडलं.

एके दिवशी भर दुपारी हौसा घाटावर धुणं वाळत घालत होती. गावात सगळी जेवून लवंडली होती. भिवासुद्धा खाली होडीतच झोपला होता. हौसानं सहज नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. तर लांबून मातकट पाण्याचा लोट येत होता. वरच्या तळ्याचा बांध फुटला होता.

हौसा ओरडली. 'उठा, पळा' म्हणायचं होतं. निघालं, "झोपा, थांबा." 'पाणी चढतंय' म्हणायला गेली, तर "पाणी उतरतंय." भिवाला 'अहो' म्हणायला गेली, तर "अगं." तिनं गावाकडे पाहिलं. इतक्या घरांची दारं वाजवायची कधी?

तेवढ्यात तिला समोरच्या ओसरीवर शेजारची ठकू पेंगताना दिसली. हौसाच्या तोंडातून निघालं, "ठकू!"

सरळ निघालं की! तुम्हीच सांगा, ठकूच्या उलट काय असणार? नावाला कुठं उलट असतं?

ठकू दचकून उठली. हौसानं नदीकडे हात केला आणि तशीच गल्लीतून धावत सुटली. दारादारांत नावं घेत गेली. "कोंडाजी! बनू! गेनू!" माणसं डोळे चोळत बाहेर यायची, पाणी बघायची, पोरंबाळं उचलून टेकडीकडे पळायची.

पण भिवा राहिला होता. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, बरं का. हौसा घाटावर आली आणि साऱ्या गावादेखत ओरडली, "भिवा!" तो खडबडून उठला आणि वर धावला.

आता राहिली सासू. तिचं तर नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. हौसानं घराच्या दारात येऊन डोळे मिटले आणि हाक मारली, "साळू! ए साळू!"

सासू तरातरा बाहेर आली. हिला चांगली सुनावायची म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि मागं पाणी दिसलं. हौसानं तिचा हात धरला. भिवानं दुसरा धरला. तिघं टेकडीवर पोचली आणि पाणी खालून धो धो करत गेलं.

घराघरांत चिखल झाला. पण माणूस एकही गेलं नाही.

संध्याकाळी सगळी टेकडीवरच बसली होती. हौसा सासूजवळ आली. म्हणाली, "सासूबाई, तुमचं नाव घेतलं मी. चुकलं माझं."

सरळ आलं सगळं. त्या दुपारी हाका मारताना जे पोटात होतं तेच तिच्या ओठांवर होतं ना, आसरेनं पाहिलं असेल ते आणि जीभ सुलटी केली असेल.

सासूनं तिला जवळ बसवलं. मग म्हणाली, "माझी आई गेली, तेव्हापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही गं. आणखी एकदा मार बघू."

हौसानं इकडंतिकडं पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. ती हळूच म्हणाली, "साळू."

"ओ," सासू म्हणाली.

मग बाजाराचा दिवस आला आणि गेला. हौसा कुठं गेली नाही. नणंद आली, पोटभर राहून गेली. सगळी सुखानं नांदली.

चला, सरका आता, पांघरूण नीट घ्या. मिटा डोळे.