दहा लक्ष नऊची बाकी

एका वृद्ध गणिताचार्यांना दहा लक्ष नऊ ही संख्या फार प्रिय होती. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कुणीच निःशेष भागू शकत नाही, हे त्यांनी तरुणपणी अख्खा हिवाळा भागाकार करून ठरवले होते. चाळीस वर्षे ते नव्या शिष्यांना ही हकिकत सांगत, आणि शिष्य माना डोलावत.

त्यांच्या सत्काराला दोन दिवस उरले असताना रेवती नावाच्या शिष्येला वाटले, गुरुजींचा आनंद आपणही एकदा अनुभवावा. भागणारी संख्या असलीच तर एक तरी हजाराच्या आत सापडणार, आणि हजाराच्या आत एकशे अडुसष्ट मूळ संख्या. ती एकेकीने भागत निघाली. एकसष्ट झाल्या. बासष्टावी होती दोनशे त्र्याण्णव. भागाकार आला तीन हजार चारशे तेरा. बाकी शून्य!

तिने पुन्हा भागले. मग गुणून पाहिले. सत्काराच्या भाषणात गुरुजी याच संख्येविषयी बोलणार होते. गप्प राहावे, तर सभेत त्यांच्या तोंडून असत्य जाणार. सांगावे, तर त्या वृद्ध मनाचे काय होईल? शेवटी सत्काराच्या दिवशी सकाळी, सभेत त्यांच्या गळ्यात हार पडल्यावर पण भाषणाआधी, तिने पाटी त्यांच्यासमोर ठेवली.

आचार्यांनी सावकाश भागाकार केला. मग भाषणासाठी सोबत आणलेली जुनी वही काढून पाहिली. तीनशे ऐंशीतून दोनशे त्र्याण्णव वजा करताना सत्त्याऐंशीच्या जागी सत्त्याहत्तर लिहिले गेले होते.

ते उठले, रेवतीला हाताला धरून आपल्या आसनावर बसवले, आणि जमलेल्या पाहुण्यांसमोर स्वतः खाली चटईवर बसले. आपल्या गळ्यात पडलेला हार त्यांनी तिच्या हाती दिला. सभा चकित झाली.

रेवतीचे डोळे भरून आले. "गुरुजी, मी आपलं चाळीस वर्षांचं सुख हिरावून घेतलं."

आचार्य खळखळून हसले. "अगं, मी मूळ म्हटलं म्हणून ती मूळ झाली नव्हती, आणि आज तू भागलीस म्हणून ती बदललेलीही नाही. माझ्या जन्माआधीपासून ती अशीच आहे. प्रेम तिच्यावर करत होतो, तर ती खरी कशी आहे ते कळल्यावर मी रडू कशाला? इतक्या जणांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तू एकटीने भागून पाहिलंस. शिकवलेलं तुझ्यापर्यंत पोहोचलं, याहून मोठा सत्कार कोणता?"

मग ते एकदम पुढे सरकले. "आणि तो तीन हजार चारशे तेरा? तो फुटतो का?"

"ते अजून पाहिलं नाही, गुरुजी."

"मग थांबलीस कशाला? घे पाटी. मीही घेतो. मला सांगू नकोस हं, शेवटी ताडून पाहू."

भाषणे तशीच राहिली. पाहुणे सभोवार कोंडाळे करून उभे राहिले, आणि गुरू-शिष्या शेजारी बसून भागू लागले. दुपारी दोघांनी पाट्या समोर धरल्या. दोघांचे उत्तर एकच होते: तो कुणानेही निःशेष भागला जात नव्हता.

या वेळी आचार्यांनी विचारले, "वजाबाक्या नीट तपासल्यास ना?"

"माझ्याही, आणि आपल्याही," रेवती म्हणाली.