केशरच्या लेकीचं टोपडं

एका गावात केशर नावाची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. पाचवीची पूजा झाली तेव्हा बाळ पाच दिवसांचं होतं, आणि केशरचं आईपणही तेवढंच जुनं होतं. बाळाला उचकी लागली तरी तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं.

पूजेला आलेल्या बायकांनी हळदकुंकू घेतलं, गूळखोबरं तोंडात टाकलं आणि बाळाभोवती कोंडाळं केलं.

"गुटगुटीत आहे हो," पाटलीणबाई म्हणाल्या. "पण चेहरा लांबट वाटतो, नाही?"

"आणि कान बघा की! चांगले सुपाएवढे," शेजारच्या काशीकाकू म्हणाल्या.

"कपाळही भारी मोठं," पाटलीणबाई म्हणाल्या. "मुलीची जात आहे, केशर. बारशाला तुझ्या सासरची माणसं येतील. पहिल्यांदा जे दिसतं तेच मनात बसतं. टोपडं नीट बघून शिवून घे. बाजूंनी कापूस भर, म्हणजे चेहरा गोल दिसेल. कपाळावर झालर हवी. आणि कानांवर पट्ट्या, चांगल्या घट्ट."

पाच दिवसांच्या जिवाचा चेहरा तो केवढा! ओंजळीत मावेल एवढा. त्यात लांबट काय आणि गोल काय? पण या बायकांनी तो बाजारातल्या भेंडीसारखा निरखला आणि मोकळ्या झाल्या. केशरला त्यांना द्यायला चोख उत्तर सुचलं. फक्त ते सुचलं तेव्हा बायका आपापल्या घरी पोचून चूल पेटवत होत्या.

बायका गेल्या, पण नजर मागं ठेवून गेल्या. सकाळपर्यंत केशरला लेकीचा चेहरा हा नुसता चेहरा वाटत होता. आता तिला त्यात कपाळ दिसायला लागलं. कान दिसायला लागले. सासरी काय म्हणतील, हे तर डोळे मिटले तरी दिसत होतं.

तिनं भिवा शिंप्याला अंगणात बोलावलं आणि काय काय हवं ते सांगितलं.

भिवा म्हणाला, "पोरी, टोपडं थंडीवाऱ्यासाठी असतं. तू माप कशाचं देतेयस? डोक्याचं, की बायकांच्या बोलण्याचं?"

"शिवा हो भिवाकाका," केशर म्हणाली. "बारशापुरतं तर घालायचंय."

भिवानं मान हलवली आणि शिवून दिलं.

बाराव्या दिवशी पाळणा सजला. घुगऱ्यांची परात भरली. बाळाच्या डोक्यावर टोपडं चढलं आणि हनुवटीखाली नाडी आवळली गेली. झालर भुवयांपर्यंत आली, गालांना कापूस टेकला, कान पट्ट्यांखाली गेले. बाळ रडायला लागलं.

"आता कशी गोल गरगरीत दिसते!" काशीकाकू म्हणाल्या.

बाळाचं तोंड लालबुंद झालं. केशरचा हात नाडीकडे गेला. साऱ्या बायका आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं आणि हात मागं आला. बाळ रडत राहिलं. रडता रडता त्याचा आवाज बसला. "भूक लागली असेल," कुणी म्हणालं. "दृष्ट लागली असेल," दुसरं कुणी म्हणालं. टोपड्याचं नाव कुणी घेईना. केशरनंही घेतलं नाही.

मुहूर्त झाला. केशरची नणंद वेणू पुढं आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिच्या पाठीत धपाटे घालायला चार बायका हात उगारून मागं उभ्या राहिल्या. वेणू पाळण्यावर वाकली. या बाजूनं वाकली, त्या बाजूनं वाकली आणि सरळ उभी राहिली.

"वहिनी, हिचा कान कुठंय?"

बायका हसल्या. पाटलीणबाई म्हणाल्या, "पट्टीवरूनच सांग गं. टोपडं काढू नका, आत्ता कुठं पोर बरी दिसतेय."

"म्हणजे मी कापडाला नाव सांगू?" वेणू म्हणाली. "बारसं पोरीचं आहे की टोपड्याचं?"

केशरच्या अंगातून सणक गेली. तिनं बाळाला उचललं. नाडीची गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी तोडली. टोपडं निघालं. आत जावळ घामानं चिंब झालं होतं. कानांमागं बारीक पुरळ उठलं होतं आणि हनुवटीखाली नाडीचा लाल वळ उमटला होता.

बाळाला तसंच हातांवर धरून ती बायकांपुढं उभी राहिली. "बघा! लांबट चेहरा. मोठं कपाळ. सुपाएवढे कान. झालं बघून? मग आता जरा गप्प बसा. माझ्या लेकीला तिचं नाव ऐकू द्या. वन्सं, सांगा."

"कुर्रर्र," वेणू म्हणाली आणि तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. धपाटे मात्र कुणी घातले नाहीत, इतक्या साऱ्याजणी गप्प झाल्या होत्या. बाळ रडायचं थांबलं. नाव आवडलं म्हणून असेल, असं केशरला म्हणवेना. डोक्याला वारा लागला म्हणून थांबलं, एवढं सरळ होतं.

पाटलीणबाई घुगऱ्या न घेताच उठून गेल्या. केशरच्या मनात आलं, मोठ्या माणसांना आपण फारच बोललो का? तिनं पुन्हा तो वळ पाहिला. पाटलीणबाई नुसत्या बोलल्या होत्या. शिंप्याला बोलावलं होतं आपण. नाडी आवळली होती आपण. पोर घसा बसेपर्यंत रडत असताना हात मागं घेतला तोही आपणच. पाटलीणबाईंपेक्षा तिला स्वतःचाच संताप जास्त आला, आणि तो बरेच दिवस उतरला नाही. त्या दिवसांत बाळ उघड्या डोक्यानं ओसरीवर हातपाय झाडत पडलेलं असायचं. येणारंजाणारं काय वाटेल ते बोलायचं.

तात्पर्य: लोक लेकराच्या चेहऱ्यात खोट काढतील. ती झाकायला आईबापांनी लेकराच्या गळ्याशी नाडी आवळू नये. कारण बोलणारे बोलून घरी जातात, वळ उठतो तो आपल्या हातानं.